बॉनव्हिलच्या क्लचमधले वीस रोलर

प्रिय सुधीर,

पत्र मिळालं. तुझ्या ट्रायम्फ बॉनव्हिल मोटरसायकलच्या क्लचचं बास्केट (प्लेटा बसतात तो बाहेरचा, चेनने फिरणारा डबा) डुगडुगतंय म्हणतोस, म्हणजे हब (बास्केट ज्याच्यावर बसतं तो मधला भाग) आणि त्या दोघांमधले रोलर (छोटे पोलादी दंडगोल) दोन्ही तपासायला हवेत. बाजारात जाण्याआधी हे वाच.

तुझ्या या ६५० सीसी गाडीत सुटे २० रोलर असतात, त्यांना जागेवर धरणारी केज नसते. व्यास पाव इंच, पण लांबी पाव इंच नाही! ती ०.२३१ ते ०.२३६ इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आत. बेअरिंगच्या दुकानात सरसकट पाव बाय पाव, ६.३५ मिमी लांबीचा रोलर मिळतो. तो हबवर बसतोही, आणि तिथेच घात होतो. मधला नट आवळला की थ्रस्ट वॉशर (रोलरच्या एका टोकाला टेकणारी चकती) आणि स्पायडर (दुसऱ्या टोकाला हबवर बसणारा भाग) यांच्यामध्ये रोलर चिमटतात. मग लिव्हर ओढला तरी क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर करकरतात, न्यूट्रल सापडत नाही. आणि दोष मात्र प्लेटा व केबलवर जातो.

हब उजेडात धर आणि रोलरच्या वाटेवरून नख आडवं फिरव. बारीक पन्हाळी लागल्या तर नवे रोलर वाया जातील, हबच बदल. त्या पडण्याचं कारण असं, की लिव्हर सोडलेला, म्हणजे क्लच जोडलेला असताना बास्केट आणि हब एकत्र फिरतात, त्यामुळे रोलर गडगडत नाहीत. चेनचा ताण सोसत, क्लचच्या आतल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची (झटके शोषणारी) रबरं दबतील तेवढेच जागच्या जागी घासत राहतात. हबचा व्यास ३४.८८ ते ३४.९१ मिमी आणि बास्केटचा बोर ४७.६१ ते ४७.६४ मिमी हवा. जुने-नवे रोलर मिसळू नकोस, जाड असेल त्याच्यावरच सगळा भार येतो.

इंजिनकडून क्लचकडे येणाऱ्या चेनला जोड नसल्यामुळे स्टेटर (वीज तयार करणारी स्थिर गुंडाळी) काढून इंजिन स्प्रॉकेट आणि क्लच एकदमच ओढावे लागतात. हबला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) लाव, हातोडी नको.

जोडणी टेबलावर कर. हबवर थ्रस्ट वॉशर, मग ग्रीसच्या पातळ थरावर रोलर. ग्रीस फक्त ते धरून ठेवण्यापुरतं, जास्त झालं तर प्लेटांपर्यंत पोचतं. वीस लागल्यावर थोडी फट उरते, पण एकविसावा मावत नाही. फटीत अख्खा रोलर मावत असेल तर एक खाली पडलाय. बास्केट वरून सरळ खाली बसव. टेपर (हब बसतो तो शाफ्टचा निमुळता भाग) पेट्रोलने पुसून कोरडा ठेव, वुडरफ की (हब शाफ्टवर फिरू न देणारी अर्धगोल पाचर) नीट बसव, नट ५० फूट-पौंडांवर आवळ.

प्लेटा घालण्याआधी चेन ढिली ठेवून गाडी गिअरमध्ये टाक, मागचं चाक धर आणि बास्केट बोटाने हलवून बघ. चेन देईल तेवढं ते विनाअडथळा सरकलं पाहिजे. अडलं तर नट सोड आणि रोलर मोज.

आणलेल्या रोलरची लांबी मला आधी कळव, मगच जोडायला घे.

तुझा,
विनायक