चेंडू बांधून झाला, तूप सोडून झाले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला घोरण्यावरच्या सात घरगुती उपायांचा लेख चहाबरोबर वाचायला घेतला. चहा गार झाला. सोबतचे व्यंगचित्रही पाहिले. पोट सुटलेला नवरा आ वासून झोपलाय आणि शेजारी कानात कापसाचे बोळे घातलेली बायको. माझ्या माहेरी येणाऱ्या दिवाळी अंकांत हेच चित्र असायचे, आता रंगीत झाले एवढेच.

ती बोळेवाली बायको मी आहे, म्हणून लिहिते. पण बोळे घालायची माझी कधी छातीच झाली नाही. घोरण्याच्या आवाजात मला छान झोप लागते. रेल्वे लायनीजवळ राहणाऱ्यांना गाडीची सवय होते, तशी ती लग्नानंतर वर्षभरात झाली. मला जाग यायची ती आवाज बंद पडला की. छाती हलतेय, पोट हलतेय, पण नाकातोंडातून वारा नाही. मी अंधारात आकडे मोजत बसायची. वीस, पंचवीस, एकदा तर चाळीस. मग बुडता माणूस वर यावा तसा मोठा आचका, कूस बदलणे, आणि गाडी पुन्हा सुरू. सकाळी उठून हे म्हणणार, काय मस्त झोप लागली! आणि नऊ वाजता तुमचाच पेपर हातात धरून डुलक्या.

पुतण्याच्या लग्नाला मिरजेला गेलो होतो. जानोशाच्या घरी पुरुष मंडळींनी रात्री यांची गादी उचलून भांड्यांच्या खोलीत नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी पंगतीत जिलेबीचा तुकडा तोंडाशी नेता नेता यांचा डोळा लागला. अख्खी पंगत हसली. कुणीतरी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिले, 'घोरासुर'. मीही हसले. रात्री मोजलेले आकडे ठाऊक असून हसले.

रक्तदाब तीन गोळ्यांना दाद देईना. रात्रीतून चार वेळा लघवीला उठायचे, म्हणून वर्षभर प्रोस्टेटची गोळी झाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी दोनदा सांगितले की झोपेत यांचा श्वास थांबतो. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपत जा." शेवटी एकदा सिग्नलला उभ्या स्कूटरवर डोळा लागून हे गाडीसकट आडवे झाले, तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण मुलगी होती. तिने, मान किती जाड ते कळावे म्हणून, यांना शर्टाच्या कॉलरचा नंबर विचारला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, मध्येच आवाज थांबतो का?" तेहतीस वर्षांत मला हे विचारणारी ती पहिली.

रात्रभर वायरी लावून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी झाली. आजाराचे नाव कळले : ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास थांबणे. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबला तर तो मोजतात. श्वास अर्धवट पडून ऑक्सिजन उतरला तर तेही. तासाला पाचाच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर गेले की आजार तीव्र. यांचे बावन्न निघाले. सहा तासांच्या झोपेचा हिशेब वाचकांनी करावा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, वाट मिटते, ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो. त्याला ते आठवतही नाही, म्हणून सकाळी 'मस्त झोप'.

आता तुमचे उपाय. नाकात गाईचे तूप, हळदीचे दूध, पाठीला चेंडू. सगळे करून झाले. चेंडू मीच बनियनच्या पाठीला शिवला होता, हे कुशीवरही तितकेच घोरले. फक्त उताणे झोपल्यावर ज्यांना त्रास होतो त्यांना कुशीचा उपयोग होतो, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा तो एक उपाय तुम्हाला माफ. पण घसा मिटलेला असताना नाकात तूप सोडायचे म्हणजे दाराला कुलूप आणि आपण अंगणात सडा घालतोय. आणि सातवा उपाय, 'झोपेची हलकी गोळी'? अहो, ज्या स्नायूंनी आधीच हात टेकलेत त्यांना आणखी सैल पाडायचे? दारूनेही तेच होते. हे छापण्याआधी एखाद्या डॉक्टरला फोन तरी करायचा. आणि चित्रातल्या पोटाबद्दल : वजनाचा संबंध आहेच, पण त्या दवाखान्यात आमच्या आधी बसलेला मुलगा काडीसारखा होता. त्याची हनुवटी आत होती.

लेखाखालीच नाकात घालायच्या चुंबकाची जाहिरात आहे, 'एका रात्रीत घोरणे बंद'. एका रात्रीत ते कायमचे बंद होण्याचा एक प्रकार मला ठाऊक आहे, तेहतीस वर्षे त्याचीच धास्ती होती. २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा रुग्णालयाने याच आजाराचे नाव घेतले होते. सगळ्या पेपरांत आले होते. दोन दिवस.

आता यांना सीपॅप मशीन आहे. नळीतून सतत हवेचा दाब येतो आणि घसा मिटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही युक्ती जगापुढे मांडली. आमच्या नातीने मुखवटा-नळी पाहून आजोबांना गणपतीबाप्पा करून टाकले. रक्तदाबाची एक गोळी सुटली, प्रोस्टेटची बंद झाली. पंचेचाळीस हजार गेले. मेडिक्लेमवाल्यांनी दावा परत पाठवताना लिहिले की हे 'घरगुती वापराचे उपकरण' आहे. मिक्सर आहे का हो तो?

आणि विषय निघालाच आहे तर, आमच्या भागात महिनाभर रात्री दोन-अडीचला वीज जाते. कारण विचारले की 'देखभाल'. रात्री अडीचला कसली देखभाल? इन्व्हर्टरची बॅटरी मेली आहे. मशीनची घरघर थांबली की मी ताडकन उठून बसते आणि यांना हलवते. यावर आपला वार्ताहर पाठवावा, चहा मी देईन.

आपली,
सांगलीची एक वाचक
(नाव छापू नये, यांना आवडणार नाही.)

ता. क. नाट्यगृहातल्या स्वच्छतागृहावरचे माझे मागचे पत्र निम्मे कापून छापलेत. हे कापायचे झालेच तर जिलेबी कापा, सातव्या उपायाचे राहू द्या.