संद्या, परत यायच्या आधी हे आकडे बघून घे

प्रिय संद्या,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण २० तारीख डोक्यावर होती, थ्री-बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरून झाल्याशिवाय मला दुसरं काय सुचत नाही बघ, म्हणून आज निवांत लिहितोय. आबांसाठी पुणं सोडून यायचं म्हणतोयस आणि इथं टॅक्सचं काम सुरू केलं तर महिन्याला किती सुटतील असं विचारलंयस. फोनवर बोललो असतो तर "ये की, होतंय सगळं" म्हणून मोकळा झालो असतो, पण बायकापोरं असलेल्या माणसाला तसलं सांगून चालत नाही, म्हणून वहीत आकडेच मांडले.

माझ्याकडं आज जीएसटीच्या ६० पार्ट्या आहेत. सरासरी १५०० धर, ९० हजार झाले. त्यातनं ऑफिसचं भाडं ८, कामाला दोन पोरी आहेत त्यांचे मिळून २७, सॉफ्टवेअर, लाईट, नेट, कागद सगळं मिळून ५. राहिले ५०. आणि ते पण सगळ्यांनी वेळेत दिले तर! दर महिन्याला २० एक हजार उधारीत अडकतातच, दिवाळीला देतो म्हणणारा मार्चला देतो, आणि तोंडावर मागायला आपल्याला जमत नाही कारण लग्नाकार्यात तोच समोर भेटतो. म्हणजे हातात ३० धरून चाल. वर जुलैत रिटर्नचे पैसे येतात, पगारदाराचं साधं ५००-७००, धंद्याचं दोन-तीन हजार. हे ९ वर्षांनंतरचं सांगतोय हं. पहिली ३ वर्षं महिन्याला १२ हजार सुटले तरी नशीब होतं, घर हिच्या पगारावर चाललं, हे मी कधी विसरणार नाही.

आता खरी गोष्ट. नुसती रिटर्नं भरून कुणी वर येत नाही रे. ते काम आता पोर्टलच निम्मं करून देतंय, आणि १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हटल्यावर लोक विचारतात रिटर्न तरी कशाला भरायचं (४ लाखांच्या वर उत्पन्न असलं की भरावंच लागतं, हे समजावण्यातच जुलै जातो). पैसा आहे नोटिशीला उत्तर देण्यात.

शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री आहे माझ्याकडं, मालक भला माणूस पण १५०० साठी तीन-तीन महिने फिरवायचा. त्यांना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जुळत नाही म्हणून नोटीस आली, एएसएमटी-१० म्हणजे रिटर्नमधल्या फरकाचा खुलासा मागणारी, ३० दिवसांत उत्तर द्यायचं होतं. पोर्टलवर नोटिशींच्या नेहमीच्या जागेऐवजी ती त्या ॲडिशनल नोटिसेसच्या खाली पडलेली, त्यांनी बघितली नाही आणि मी पण रोज तिथं जात नव्हतो, चूक माझीच. सापडली तेव्हा ६ दिवस राहिले होते. चार रात्री बसलो, टू-बी (सप्लायरनं टाकलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) एकीकडं, खरेदीची बिलं एकीकडं, माल वाहतुकीचं ई-वे बिल, बँकेचं स्टेटमेंट, एकेक ओळ लावत गेलो तर कळलं की सप्लायरनं बरीचशी बिलं यांच्या दुसऱ्या युनिटच्या जीएसटी नंबरवर टाकलीयत आणि बाकीची पुढच्या महिन्यात दिसतायत. उत्तर मान्य झालं. मी २० हजार सांगितले, त्याच दिवशी खात्यात जमा. १५०० ला फिरवणारा तोच माणूस! त्या दिवसापासनं मी दर सोमवारी सगळ्या पार्ट्यांची दोन्ही पानं उघडून बघतो, एक पण सोमवार चुकवलेला नाही.

म्हणून तुला सांगतो, तू १४ वर्षं कंपनीच्या अकाउंट्समध्ये बिलं जुळवलीयस, हे काम तुला माझ्यापेक्षा लवकर येईल.

सीएचं म्हणशील तर इंटर परीक्षेचा एक ग्रुप राहिलाय तो दे असं मी म्हणणार नाही, नंतर आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी), मग फायनल, आत्ता तुला ते परवडणारं नाही. टॅक्स ऑडिटची सही फक्त सीएचीच चालते, ती कामं मी ओळखीच्या सीएंकडं देतो आणि ते मला त्यांची छोटी कामं देतात. बीकॉमवर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी होते, आयकरात पण प्रतिनिधी म्हणून उभं राहता येतं. पण तू एलएलबीचा विचार कर, अगदी मनापासनं सांगतोय. ३ वर्षांचा कोर्स, सीईटी द्यायची, शहाजी लॉ कॉलेज इथं शाहूपुरीतच आहे. ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, आधी रिटसाठी (सरकारी आदेशाविरुद्ध हायकोर्टात थेट अर्ज) मुंबईला पळायला लागायचं, तिथल्या वकिलाची फी ऐकूनच छोटा व्यापारी अन्याय गिळून गप्प बसायचा. आता हिशेब पण कळतो आणि कोर्टात पण उभा राहतो असा माणूस इथंच लागणार, आणि मला तरी तसे फार कमी दिसतात. मी स्वतः पुढच्या वर्षी सीईटी देणार आहे, दोघं मिळून दिली तर अभ्यास तरी होईल.

अजून एक, १ एप्रिल २०२६ पासनं १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा. कलमांचे नंबर सगळे बदलले, ज्यांना ३० वर्षं ४४एबी (टॅक्स ऑडिटचं जुनं कलम) तोंडपाठ होतं ते पण नव्यानं वाचायला बसलेत. नवीन माणसाला अशी बरोबरीची सुरुवात पुन्हा मिळायची नाही.

नोकरी लगेच सोडू नको. वर्षभराचा घरखर्च बाजूला काढ, वहिनींना हे पत्र वाचायला दे, आणि फी कायम कामाआधी ठरव, ओळखीच्यात तर आधी. आणि आबांना विचार, मंगळवार पेठेतली तुमची रस्त्याकडची खोली मोकळी आहे का. तिथं टेबल टाकलंस तर भाड्याचे ८ हजार पहिल्या महिन्यापासनं वाचतात आणि आबांवर लक्ष पण राहतं. फक्त फायली खाली ठेवू नको रे, २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नरच्या एका पार्टीची ३ वर्षांची बिलं भिजून लगदा झाली होती, तेव्हापासनं मी सगळं स्कॅन करतो.

यायचं तर २१ नंतर आणि १० च्या आत ये, त्या दिवसांत मी माणसात असतो. मार्कशीट घेऊन ये.

तुझा,
विन्या

कोल्हापूर