फॉर्म भरतोच आहे तर हे वाच

बेटा,
काल फोनवर तू म्हणाला की थिऑसॉफिकल सोसायटीत जायला काही अटच नाही, तीन उद्दिष्टं पटतात म्हणून सही केली की झालं, आणि आपल्याकडे वारकऱ्यांत माळ घालायची म्हटलं की सतरा भानगडी. मला राग नाही आला, पण तू अर्धंच वाचलंय असं वाटलं.

1875 ला न्यूयॉर्कात ब्लाव्हॅट्स्की बाई आणि कर्नल ऑल्कॉटने ती काढली तेव्हा विश्वाचे नियम शोधायचे नि पसरवायचे एवढाच हेतू होता, बंधुभाव वगैरे नंतर आला. थोड्याच दिवसात तिथे गुप्तता आली, ओळखीच्या खुणा आल्या, सभासद व्हायला जुन्या दोघांची शिफारस लागायची. मग हळूहळू ते सैल होत गेलं. आता तुझी ती तीन उद्दिष्टं अशी: वंश, धर्म, जात, लिंग, रंग न पाहता बंधुभाव मानायचा, धर्म-तत्त्वज्ञान-विज्ञानाचा अभ्यास करायचा, निसर्गातल्या आणि माणसातल्या अज्ञात शक्ती धुंडाळायच्या. देव मान असंही नाही आणि आपला धर्म सोड असंही नाही. हे मला मनापासून आवडलं, खोटं का बोलू.

पण 1888 ला त्याच बाईने आत अजून एक वर्तुळ काढलं, एसोटेरिक सेक्शन, म्हणजे गूढ साधनेचा आतला विभाग. तिथे आज जायचं तर आधी सोसायटीचा सभासद पाहिजे, वर मांस नको, दारू नको. म्हणजे अट गेली कुठे भो, आतल्या खोलीत जाऊन बसली! आपल्याकडे ती ओट्यावरच विचारतात इतकंच.

आजीने कोथळीला मुक्ताईच्या देवळात माळ घेतली तेव्हा मी शेजारी होतो. महाराजांनी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली, मटण-मासळी सुटेल का, एकादशी धरशील का, वारी करशील का असं एकेक विचारलं, ती प्रत्येकाला हो म्हणाली आणि मगच माळ गळ्यात पडली. गुडघे गेल्यापासून आजी पंढरपूरला एसटीने जाते, महाराज एका शब्दाने बोलले नाहीत. पण मटणाची अट तसूभर हलली नाही, काकांच्या लग्नात तर ती जेवायलाच बसली नव्हती.

तू मेसमध्ये अंडी खातो ते मला माहिती आहे, आजीला नाही. म्हणून सही खुशाल कर, पण त्या आतल्या वर्तुळाचं एवढ्यात डोक्यात घेऊ नको, आधी वर्षभर त्यांच्या व्याख्यानांना जाऊन बस. वर्गणी किती आहे ते कळव, पाठवतो.

तुझे
अण्णा