बोर्ड ऑर्डर करायच्या आधी

प्रिय मित्रा,

तुझ्या ब्रशलेस मोटरच्या ड्रायव्हरचं, म्हणजे ती मोटर चालवणाऱ्या सर्किटचं, स्किमॅटिक निवांत बसून बघितलं. सहा एन-चॅनल मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), त्यांना चालू-बंद करणारा गेट ड्रायव्हर, रोटर कुठे आहे ते सांगणारे हॉल सेन्सर, सगळं जागच्या जागी आहे, मला काही खोट दिसली नाही. पण ब्रशलेसचा ड्रायव्हर जगतो की मरतो ते लेआउटवर, म्हणजे बोर्डवर भाग आणि तांब्याचे ट्रॅक कसे मांडलेत त्यावर, ठरतं रे, आणि तू आता तिथेच घाई करशील याची मला खरंच काळजी वाटते म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

हे बघ, तू २४ व्होल्ट आणि ३० अँपिअर धरलेत. मॉसफेट बंद होताना तो करंट समजा ३० नॅनोसेकंदात तुटला, आणि कपॅसिटरमधून निघून वरचा मॉसफेट, खालचा मॉसफेट करत परत कपॅसिटरला येणारा जो लूप आहे त्याचं इंडक्टन्स १० नॅनोहेन्री असलं, तर १० व्होल्टचा स्पाइक उठतो. लूप ऐसपैस होऊन ३० नॅनोहेन्री झालं की ३० व्होल्ट! २४ आणि ३० झाले ५४, तुझे मॉसफेट ६० व्होल्टचे, आणि मोटरला ब्रेक लावलास की ती जनरेटर होऊन सप्लायचं व्होल्टेज आणखी वर ढकलते, मग उरलं काय? म्हणून प्रत्येक हाफ-ब्रिजला (वरच्या-खालच्या मॉसफेटच्या जोडीला) अगदी चिकटून सिरॅमिक कपॅसिटर लाव, मोठे इलेक्ट्रोलिटिक थोडे लांब गेले तरी चालतील. आणि बोर्ड चार लेयरचाच कर, दुसरा लेयर अख्खा ग्राउंड, ब्रिजच्या खाली त्याला कुठेही चीर नको. दोन लेयरमध्ये पैसे वाचतात पण माझ्या मते ती बचत इथे करूच नये.

शंटचं, म्हणजे करंट मोजायच्या छोट्या रेझिस्टरचं, तर अजून नाजूक आहे. १ मिलिओहमवर ३० अँपिअरला मिळतात फक्त ३० मिलिव्होल्ट. ३५ मायक्रॉन तांब्याचा एक चौरस तुकडा, लहान असो वा मोठा, साधारण अर्धा मिलिओहम असतो, म्हणजे सेन्सच्या (व्होल्टेज मोजायच्या) दोन ट्रॅकच्या मधे, करंटच्या वाटेवर, शंटबरोबर तेवढं तांबं आलं की रीडिंग दीडपट. तेव्हा सेन्सचे दोन्ही ट्रॅक शंटच्या पॅडच्या आतल्या बाजूनेच काढ आणि अँप्लिफायरपर्यंत जोडीने ने.

गेट रेझिस्टर १० ओहमपासून सुरू कर, रिंगिंग (स्विच होताना व्होल्टेजची थरथर) जास्त दिसलं तर वाढव, पण मॉसफेट जास्त तापतील हे धरून चाल. डेड टाइम, म्हणजे वरचा आणि खालचा दोन्ही मॉसफेट बंद असतात ती मधली वेळ, सुरुवातीला सढळ ठेव, ५०० नॅनोसेकंद, स्कोपवर दोन्ही गेट बघूनच कमी कर. वरच्या मॉसफेटचं गेट बूटस्ट्रॅप कपॅसिटरवर चालत असल्यामुळे ड्युटी (तो चालू असण्याचं प्रमाण) १०० टक्के नेऊ नकोस, खालचा मॉसफेट मधेमधे चालू झाल्याशिवाय तो कपॅसिटर भरतच नाही. आणि १२० अंशांवर बसवलेल्या तिन्ही हॉलकडून ००० किंवा १११ (तिघांचंही एकच उत्तर) आलं म्हणजे वायर तुटलीय किंवा सेन्सर गेलाय, कोडमध्ये तेव्हा सहाच्या सहा मॉसफेट बंद.

पहिल्यांदा पॉवर देताना मोटर जोडू नकोस, सप्लायची करंट लिमिट अर्ध्या अँपिअरवर ठेव आणि गेटच्या वेव्हफॉर्म नीट बघ. सगळं ठीक असेल तरच मोटर, तीही साध्या सहा-स्टेपवर (सहा ठरलेल्या पायऱ्यांत करंट फिरवायची पद्धत). एफओसी (करंट सतत मोजून मोटर सफाईने चालवायची पद्धत) नंतर कर, त्याच बोर्डवर होईल, शंट तर आहेतच.

ऑर्डर द्यायच्या आधी चारही लेयरचे फोटो पाठव, ब्रिजचा भाग झूम करून. मी रात्री बसून बघतो.

तुझाच,
मित्र