औषध लावलेलं सोयाबीन सांभाळायला शिकवल्याबद्दल कृषी सहायक ताईंचे आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध लावणं, कशी करायची हे सगळेच सांगतात. ती केल्यावर पेरणीपर्यंत बियाणं ठेवायचं कसं, हे तुम्ही वेळ काढून समजावलंत, म्हणून हे जाहीर पत्र.

औषध बुरशीला आवरतं, ओलाव्याला आवरत नाही, ही तुमची शिकवण सर्वांत मोलाची. सोयाबीनमध्ये ओल 12 टक्क्यांच्या वर गेली की थायरम हे बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम लावलेलं असलं तरी उगवण घसरतेच. दाण्याचं टरफल पातळ आणि कोंब लगेच त्याखाली. म्हणून औषध चोळायचं नाही, ड्रम हळू फिरवायचा. पावडर चिकटेल एवढंच पाणी घ्यायचं. जास्त झालं की टरफल सुरकुततं नि सुटतं. मग सावलीत पातळ पसरून पूर्ण वाळल्यावरच पोत्यात भरायचं. दाणा वाळला का हे दाताखाली धरून बघायची आपल्याकडची सवय औषध लावण्याआधीपुरतीच, हेही तुम्ही बजावलंत. ते फार गरजेचं होतं.

थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, सात पोत्यांपेक्षा उंच नको. वरून प्लॅस्टिक गुंडाळलं की आत घाम धरतो. पत्र्याची खोली मे महिन्यात तापते, तीही नको. शेजारी युरिया नको, तणनाशक तर नकोच.

पाऊस लांबला की मात्र खरी परीक्षा. दमट हवेत पंधरवडा गेला तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पुन्हा उगवण बघायची आणि सातव्या दिवशी फक्त धडधाकट रोपं मोजायची. नुसता मोड आलेला दाणा धरायचा नाही. 70 निघाली तर एकरी 30 किलो बियाणं पेरायचं, 60 निघाली तर 35 किलो. रायझोबियम हे जिवाणू खत 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम लावायचं, पण पेरणीच्या दिवशीच. बुरशीनाशकाबरोबर बरेच दिवस ठेवलं तर त्यातले जिवाणू मरतात.

उरलेल्या बियाण्याबाबतचा तुमचा कडकपणा आम्हाला पूर्ण पटला. ते धुतलं तरी खाण्याजोगं होत नाही. ढेपेत, बाजारात, कोंबड्यांपुढे कुठेच जाता कामा नये. म्हणून लागेल तेवढ्यालाच औषध लावायचं, पोत्यावर ठळक ‘विष’ लिहायचं, खोलीला कुलूप घालायचं आणि रिकामं पोतं धान्याला वापरायचं नाही.

एक विनंती आहे. येत्या खरिपाआधी हमाल मंडळींनाही असंच एकदा समजवा. ट्रॅक्टरवरून पोतं आदळलं की आतला कोंब दुखावतो, वरून दाणा मात्र चांगलाच दिसतो.

आपले कृतज्ञ,
गावातले सोयाबीन उत्पादक