‘हा फोटो तुला कोणी दिला?’ : डेस्कवरच्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

चौदा वर्षे टॅब्लॉइडमध्ये आणि त्याहून थोडी अधिक टीव्हीवर काढून मी गेल्या महिन्यात शेवटचे बुलेटिन वाचले. निरोपाच्या दिवशी पुष्कळांनी माझ्या बातम्यांची आठवण काढली. बातमीवर नाव वार्ताहराचे येते, पडद्यावर चेहरा निवेदकाचा दिसतो; रात्री डेस्कवर बसून पान लावणाऱ्या माणसाचे नाव मात्र कुठेच छापले जात नाही, ही गोष्ट त्या दिवशी मनाला फार लागली. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मोठ्या आकाराच्या वृत्तपत्रात जागा मिळाली नाही, ही माझी खंत तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखली होती. टॅब्लॉइड हा शब्द मुळात औषधाच्या गोळीचा आहे, हे तुम्ही मला तेव्हा सांगितले. बरोज वेलकम या औषध कंपनीने आपल्या दाबून लहान केलेल्या गोळ्यांसाठी १८८४ मध्ये नोंदवलेले ते व्यापारी नाव पुढे आटोपशीर बातम्यांना आणि निम्म्या आकाराच्या पानांना चिकटले. “गोळी लहान असू दे, औषध पुरतं हवं,” असे म्हणून तुम्ही माझी बातमी पुढे सरकवली आणि ती मोठ्याने वाचायला लावली. वाचताना जिथे दम लागेल ते वाक्य तोडायचे, हा तुमचा नियम होता. पुढे टीव्हीवर पहिल्याच थेट प्रक्षेपणात टेलिप्रॉम्प्टर बंद पडला आणि भिंगासमोरच्या काचेवरची अक्षरे नाहीशी झाली, तेव्हा मी अडखळलो नाही, याचे कारण हेच होते. ती वाक्ये मी आधीच मोठ्याने वाचून तोडलेली होती आणि ती माझ्या तोंडात बसलेली होती.

पण तुमचे खरे ऋण त्या रात्रीचे आहे.

नोकरीचे दुसरे वर्ष होते. एक मुलगा बुडून गेला होता. मृताच्या घरून फोटो मिळवून आणणे हे टॅब्लॉइडच्या वार्ताहराचे कामच समजले जाई आणि त्यात मी तरबेज झालो होतो. घरातली माणसे बाहेरच्या गर्दीत असताना मी भिंतीवरचा चौकटीतला फोटो खिळ्यावरून उतरवला आणि पिशवीत टाकून आणला. पहिले पान लागले, मथळा बसला, पान छपाईला सोडायला अर्धा तास उरला होता. तुम्ही चौकट हातात घेऊन उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर खिळ्याचा गंज लागलेला होता. तुम्ही विचारले, “हा फोटो तुला कोणी दिला?”

मी काहीच बोललो नाही. तुम्ही पानावरून फोटो काढलात, मजकुराची अक्षरे वाढवून ती जागा भरली आणि पान सोडले. सकाळी प्रतिस्पर्धी अंकात त्याच मुलाचा फोटो तीन स्तंभांत झळकला. संपादकांनी जाब विचारला तेव्हा निर्णय आपला होता एवढेच तुम्ही सांगितले. मी फोटो कसा आणला, हे तुम्ही तिथे उच्चारले नाही. माझी नोकरी त्या एका वाक्याने वाचली.

त्याच दिवशी तुम्ही मला त्या घरी घेऊन गेलात. रात्रपाळीनंतर तुम्ही झोपलाही नव्हता. “हा तुमचा फोटो परत द्यायला आला आहे,” असे दारात सांगून तुम्ही मागे सरलात. आईने चौकटीची काच तळव्याने पुसली. ती रागावली नाही. आमचा अंक तिच्या हाती आलेला होता. ती म्हणाली, “तुम्ही सोळा वर्षांचा लिहिलंय. त्याला गेल्या आठवड्यात सतरावं संपलं.” फोटो आणण्याच्या घाईत मी वय कोणाला विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याची दुरुस्ती छापलीत, तीही कोपऱ्यात न ढकलता, पहिल्या पानावर. त्या घराने मला नंतर कधी दोष दिला नाही; मला मात्र तो काच पुसणारा तळवा अजून दिसतो.

टीव्हीवर गेल्यावर तुमचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येत राहिला. स्टुडिओत निवेदकाच्या कानात सतत कोणीतरी बोलत असते. समोरचा माणूस उत्तर देत असताना ब्रेकला किती सेकंद उरले, पुढे काय विचारायचे, हे सांगितले जाते. बेपत्ता मुलीचे वडील समोर बसले होते, त्यांचा आवाज भरून आला आणि कानात सूचना आली की, तिचे शेवटचे शब्द विचारा. प्रक्षेपणापूर्वी मी त्यांना, कोणता प्रश्न नको आहे, असे विचारून ठेवले होते. त्यांनी नेमका हाच प्रश्न सांगितला होता. मी तो विचारला नाही. नंतर बोलणी बसली, ती मी ऐकून घेतली.

१० जुलै २०११ रोजी न्यूज ऑफ द वर्ल्ड या ब्रिटिश टॅब्लॉइडचा शेवटचा अंक निघाला. १८४३ पासून चाललेले ते साप्ताहिक, खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकल्याचे उघड झाल्यावर बंद पडले. ती बातमी मीच वाचली. त्या वार्ताहरांना परके म्हणण्याचा अधिकार मला नाही, असे वाचताना प्रामाणिकपणे वाटत होते. खिळ्यावरून फोटो उतरवणारा हात माझाच होता, आणि त्यांच्या डेस्कवर तुम्ही नव्हता. ब्रेकमध्ये तुमचा फोन आला. तुम्ही त्या बातमीविषयी काहीच बोलला नाहीत. मी एक आडनाव चुकीचे उच्चारले, तेवढे सांगितलेत. पुढच्या भागात मी ते सुधारले.

बाई, हे पत्र छापायला देण्याआधी मी तुम्हाला फोनवर मोठ्याने वाचून दाखवले आणि तुमची परवानगी मागितली. तुम्ही दोन ठिकाणी वाक्ये तोडायला सांगितलीत, ती तोडली आहेत. तुमचे नाव गाळायला सांगितलेत, तेही गाळले आहे.

तुमच्या डेस्कवरचा,
एक वार्ताहर