डांगीचा वळू कुणी पाळायचा? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री साहेब, नमस्कार.

मी अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडी पट्ट्यातला. आमच्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा जर्शी गाय पत्र्याखाली पण थरथरते आणि आमची डांगी, इथलीच देशी गाय, दिवसभर डोंगरात चरून संध्याकाळी आपली आपण घरी येते. कातडी तेलकट, पाणी निथळून जातं, खूर काळे न टणक, भाताच्या चिखलात कुजत नाहीत. दूध कमी देते, मान्य आहे. पण साहेब, प्रत्येक योजना लिटरमध्येच मोजली तर ही गाय कायम हरणारच ना.

2024 मध्ये सरकारनं देशी गायीला राज्यमाता म्हटलं, गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला 50 रुपये दिले, चांगलंच झालं. पण जात टिकते ती वेतानं, आणि वेतासाठी वळू लागतो, तो पाळणाऱ्या घराला काय मिळतं? आमच्या वाडीतला चांगला वळू दोन वर्षांपूर्वी विकला गेला, मालकाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नांगर जाऊन पॉवर टिलर आला, वर्षभर नुसतं खायला कुठून घालणार? आता एकच उरलाय न त्याच्याच लेकी त्याच्यापुढं माजावर येतात, सगळा कळप एका रक्ताचा होत चाललाय. इंजेक्शनचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं म्हणाल तर रानात चरणारी गाय माजावर आलीय हे कळून डॉक्टर येईपर्यंत वेळ निघून जाते, आणि आले तरी त्यांच्याकडं वीर्य असतं ते एचएफ या विदेशी गायीच्या जातीचं नाहीतर गीरचं. गीर देशी आहे हो, पण ती काठेवाडची, तिचं वासरू इथला पाऊस कसा सोसणार?

म्हणून मागणी एवढीच की गोशाळेला देता तसे रोजचे पैसे शुद्ध डांगी वळू पाळणाऱ्याला द्या, दर तीन वर्षांनी वळू एका गावातून दुसऱ्या गावात फिरवा म्हणजे बाप-लेकीचा प्रश्न मिटेल, वेगवेगळ्या रक्ताच्या वळूंचं सिमेन (वीर्य) काढून साठवा, आणि पशुगणनेत पैदाशीचे डांगी वळू किती उरले तो आकडा तालुक्यावार सांगा. खिल्लार, देवणी, गवळाऊ या दुसऱ्या देशी जाती पाळणाऱ्यांचं दुखणं पण फार वेगळं नसणार.

राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. एकदा या, आणि बक्षीस मिळालेल्या वळूच्या मालकाला बाजूला घेऊन विचारा की पुढच्या वर्षी हा दावणीला असेल का.

आपला,
एक डांगी पाळणारा शेतकरी